वेळ झाली, पण काम कोण करणार?

टाकीतलं पाणी संपलेलं असतं आणि घरात कुणालाच पत्ता नसतो. पत्ता लागतो तो वॉशिंग मशीनला. झडप उघडून ते काही मिनिटं वाट बघतं, पातळी चढत नाही असं दिसलं की पीं-पीं करत पडद्यावर एररचा कोड दाखवतं. वाट बघण्याच्या त्या काळात ते नुसतं बसलेलं नसतं. पडद्यावरचे दोन ठिपके लुकलुकत असतात, तुम्ही बटण दाबलंत तर त्याला ते कळतं, दाराची कडी लागलेली आहे ना हे ते मधूनमधून तपासतं, आणि एकूण किती मिनिटं उरली याचाही हिशोब ठेवतं.

या प्रत्येक गोष्टीची वेळ वेगळी. ठिपक्यांची अर्धा सेकंद, बटणाची वीसेक मिलिसेकंद, पाण्याची काही मिनिटं, कपडे भिजवण्याची अर्धा तास. हे सगळं सांभाळणारी चिप मात्र बहुतेक वेळा एकच असते. वेळ मोजणारी स्वतंत्र मंडलं, म्हणजे हार्डवेअर टायमर, तिच्यात असतात, पण मोजकीच. शाळा-कॉलेजांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या अर्डुइनो उनो बोर्डावरच्या चिपमध्ये ती फक्त ३ आहेत. त्यातलं एखाद-दुसरं मोटर फिरवण्यात अडकलं की उरलं काय? आणि तरीही वीस-पंचवीस वेळा एकाच वेळी मोजल्या जातात. त्या कशा, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं कुठल्या वेळेसाठी कोणता टायमर निवडायचा, हा या लेखाचा विषय.

आधी एक खुलासा. साध्या मशीनमधला प्रोग्रॅम एकाच मोठ्या फेऱ्यात सगळी कामं पुन्हा पुन्हा तपासत राहतो आणि त्याचं त्यात भागतं. कामं वाढली, त्यातली काही तातडीची आणि काही निवांत असली, की रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे आरटीओएस, वापरतात. कामांचे वेगवेगळे तुकडे (टास्क) करून प्रत्येकाला अग्रक्रम देणारी आणि तातडीच्या कामासाठी कमी तातडीचं काम तिथल्या तिथे थांबवणारी ही छोटी व्यवस्था. छोटी म्हणजे किती, तर रिचर्ड बॅरी यांनी सुरू केलेल्या आणि २०१७पासून अ‍ॅमेझॉन सांभाळत असलेल्या फ्रीआरटीओएसचा गाभा साधारण ६ ते १२ किलोबाइटमध्ये मावतो. मोबाइलवरच्या एका साध्या फोटोलाही याच्या कितीतरी पट जागा लागते.

एक ठोका, अनेक हिशोब

रुग्णालयातल्या रात्रपाळीच्या सिस्टर डोळ्यांसमोर आणा. वॉर्डात तीस खाटा आहेत आणि भिंतीवर घड्याळ एकच आहे. चार नंबरचं सलाइन पाऊण तासानं बदलायचं, नऊ नंबरचा ताप दर दोन तासांनी बघायचा, सतरा नंबरला पहाटे चारला इंजेक्शन. सिस्टर तीस घड्याळं विकत आणत नाहीत. त्या रजिस्टरमध्ये नोंदी करतात आणि ठरावीक अंतरानं घड्याळाकडे बघून ‘आता कुणाची वेळ झाली?’ एवढंच पाहतात.

सॉफ्टवेअर टायमर म्हणजे रजिस्टरमधली ही एकेक नोंद. भिंतीवरचं घड्याळ म्हणजे चिपमधला एक हार्डवेअर टायमर, जो ठरावीक वेळानं प्रोसेसरला टोकतो. या टोकण्याला इंटरप्ट म्हणतात आणि त्या ठोक्याला टिक. आज असंख्य उपकरणांत असणाऱ्या कॉर्टेक्स-एम जातीच्या प्रोसेसरमध्ये या कामासाठी २४ बिटांचा एक मोजक दिलेला असतो. चिपची गती १६ मेगाहर्ट्झ असेल आणि दर मिलिसेकंदाला ठोका हवा असेल, तर तो मोजक दर वेळी १६,००० मोजतो आणि टोकतो. प्रत्येक ठोक्याला आरटीओएस एका आकड्यात १ मिळवते आणि रजिस्टर बघते.

ठोका किती जलद ठेवायचा? मिलिसेकंदाला एक, म्हणजे सेकंदाला १,०००, हा आकडा बऱ्याच ठिकाणी दिसतो. सेकंदाला १०० सुद्धा दिसतात. जलद ठोका फुकट मिळत नाही. एका ठोक्याच्या उठाठेवीला ५ मायक्रोसेकंद लागत असतील, तर सेकंदाला हजार ठोक्यांत प्रोसेसरचा अर्धा टक्का वेळ जातो. ठोके दहा हजार केलेत तर नुसतं घड्याळाकडे बघण्यातच ५ टक्के गेले.

उलट बाजूला, ठोका संथ असला की वेळ जाडीभरडी होते, आणि इथे नवशिके हमखास फसतात. ठोका १० मिलिसेकंदांचा आहे आणि प्रोग्रॅमनं ‘१ ठोका थांब’ असं सांगितलं, तर तो १० मिलिसेकंद थांबेल असं वाटतं. पण सांगितलं तो क्षण दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो. पुढचा ठोका ९ मिलिसेकंदांवर असेल किंवा अर्ध्या मिलिसेकंदावर. म्हणजे फ्रीआरटीओएसमध्ये ‘१ ठोका’ याचा अर्थ ० ते १० मिलिसेकंदांमधलं काहीही. निदान १० मिलिसेकंद हवेच असतील तर २ ठोके मागावे लागतात. एखाद्या सेन्सरला वीज दिल्यावर स्थिर व्हायला १० मिलिसेकंद लागतात असं त्याच्या माहितीपत्रकात असेल, आणि दहातल्या तीन वेळा तो चुकीचं माप देत असेल, तर दोष सेन्सरच्या माथी मारण्याआधी हे तपासावं.

रजिस्टर कसं मांडायचं

सिस्टरनी दर मिनिटाला तीसही नोंदी वाचल्या तर दुसरं काहीच होणार नाही. म्हणून नोंदी वेळेच्या क्रमानं लावायच्या आणि फक्त पहिली बघायची. तिची वेळ झाली नसेल तर खालच्या कुणाचीच झालेली नसणार. आणखी एक युक्ती म्हणजे प्रत्येक नोंदीत ‘आधीच्या नोंदीनंतर किती’ एवढंच लिहायचं. टायमर ३०, ५० आणि १२० ठोक्यांनी संपणार असतील तर यादीत ३०, २०, ७० असे आकडे बसतात आणि दर ठोक्याला फक्त पहिल्यातून १ वजा होतो.

नवी नोंद घालताना मात्र तिची जागा शोधत यादीतून खाली यावं लागतं. वीस टायमर असतील तर यात काही बिघडत नाही. हजारो असतील तर बिघडतं, आणि यावरचा सर्वांत सुंदर तोडगा १९८७मध्ये जॉर्ज वर्गीस आणि टोनी लॉक यांनी मांडला. वर्गीस हे मुंबईच्या पवईतल्या आयआयटीचे माजी विद्यार्थी. दोघं तेव्हा डिजिटल इक्विपमेंट या अमेरिकी संगणक कंपनीत होते. त्यांनी यादीऐवजी चाक सुचवलं. समजा चाकाला २५६ खाने आहेत. आत्ता काटा १०व्या खान्यावर आहे आणि टायमर ४० ठोक्यांनी संपायचा आहे, तर तो सरळ ५०व्या खान्यात टाकायचा. जागा शोधायची गरजच नाही. दर ठोक्याला काटा एक खाना सरकतो आणि त्या खान्यातल्या टायमरांची वेळ झालेली असते. २५६ ठोक्यांहून लांबच्या टायमरांसाठी दुसरं चाक, ज्याचा एकेक खाना २५६ ठोक्यांचा, आणि त्यापुढे तिसरं.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमनं ही कल्पना अनेक वर्षं जवळपास अशीच वापरली. पहिल्या चाकात २५६ खाने आणि पुढच्या चार चाकांत प्रत्येकी ६४. गुणाकार केलात तर बरोबर ३२ बिटांचा आकडा भरतो. २०१६मध्ये ही रचना बदलण्यात आली. लांबच्या टायमरांना थोडं ढोबळ चालतं हे मान्य करून त्यांना एका चाकातून दुसऱ्यात हलवत बसण्याचा खर्च टाळला. त्यामागचं निरीक्षण आपल्यालाही उपयोगी आहे: ‘इतक्या वेळात उत्तर आलं नाही तर बोंब मार’ अशा जातीचे टायमर बहुधा संपतच नाहीत, उत्तर वेळेत येतं आणि ते रद्द होतात. वॉशिंग मशीनचा पाण्याचा टायमर याच जातीचा. रोज लावला जातो आणि रोज रद्द होतो, टाकी रिकामी असेल तो दिवस सोडून.

घरगुती उपकरणात चाक घ्यायचं की यादी, ही चिंता सहसा करावी लागत नाही. आरटीओएसनं काय दिलंय ते घ्यावं. डोकं खर्च करायची जागा पुढे आहे.

वेळ झाली. पुढे?

टायमर लावताना आपण त्याला एक काम सांगून ठेवतो: ‘वेळ झाली की हे कर’. या कामाला कॉलबॅक म्हणतात. माहितीपत्रकं टायमर किती अचूक आहे याबद्दल बरंच सांगतात, पण निवड करताना सर्वांत आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा कॉलबॅक चालवणार कोण, आणि तो चालू असताना बाकी कोण कोण ताटकळणार?

पहिली पद्धत म्हणजे ठोक्याच्या इंटरप्टमध्येच काम उरकायचं. व्हीएक्सवर्क्स या आरटीओएसमधले ‘वॉचडॉग’ नावाचे टायमर आणि झेफर या दुसऱ्या आरटीओएसमधले साधे टायमर असेच चालतात. यात उशीर सर्वांत कमी. पण इंटरप्ट चालू असताना सगळे टास्क जागच्या जागी थांबलेले असतात, म्हणजे सिस्टर एका खाटेपाशी असेपर्यंत अख्ख्या वॉर्डानं श्वास रोखून धरायचा. एखादा आकडा बदलणं, एखादी पिन चालू-बंद करणं, कुणाला तरी इशारा देणं, एवढंच इथे शोभतं. कशाची वाट बघणं तर पूर्ण निषिद्ध.

दुसरी पद्धत फ्रीआरटीओएसची. तिथे सगळ्या सॉफ्टवेअर टायमरांचे कॉलबॅक एकच टास्क चालवतो, त्याला टायमर टास्क म्हणू. इंटरप्ट मोकळा राहतो, टायमर टास्कहून जास्त अग्रक्रमाची कामं अडत नाहीत. थ्रेडएक्स ही आरटीओएसही मुळात अशीच वागते. यातली मेख अशी की सिस्टर एकच आहेत. त्या नऊ नंबरच्या नातेवाइकांशी बोलत बसल्या तर सतराचं इंजेक्शन लांबणार. म्हणून इथेही कॉलबॅकमध्ये थांबायचं नाही. ‘थोडा वेळ थांब’ म्हणायचं नाही, कुणी अडवून ठेवलेली वस्तू मोकळी होण्याची वाट बघायची नाही.

नियम माहीत असूनही तो मोडला जातो, कारण थांबणं नेहमी थांबण्यासारखं दिसत नाही. चूक शोधायला कॉलबॅकमध्ये संदेश छापणारी एक ओळ घातली जाते. दिसायला निरुपद्रवी. पण संगणकाशी जोडणारी सिरियल तार सेकंदाला १,१५,२०० बिट या नेहमीच्या वेगानं चालत असेल आणि एका अक्षराला १० बिट लागत असतील, तर ८० अक्षरांच्या ओळीला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. अक्षरं साठवून मागाहून पाठवण्याची सोय नसेल तर तेवढा वेळ बाकीचे सगळे टायमर रांगेत. फ्लॅश मेमरीचा एखादा भाग पुसायला तर दहा-वीस ते शेकडो मिलिसेकंद जाऊ शकतात. चूक शोधायला घातलेली ओळच नवी चूक घडवते, आणि ती ओळ काढली की चूक गायब होते. याहून वैताग आणणारा प्रकार या धंद्यात कमी असेल.

तिसरी पद्धत मला सगळ्यांत पसंत आहे. कॉलबॅक फक्त इशारा देतो, प्रत्यक्ष काम दुसरा टास्क त्याच्या स्वतःच्या अग्रक्रमानं करतो. सिस्टर वॉर्डबॉयला हाक मारतात आणि पुढच्या नोंदीकडे वळतात. झेफरमध्ये यासाठी ‘उशिरानं करायचं काम’ रांगेत टाकायची तयार सोय आहे. आरटीईएमएस या व्यवस्थेत तर टायमर लावतानाच दोन वेगळी फर्मानं आहेत, एक इंटरप्टमध्ये चालणाऱ्यासाठी आणि एक टायमर सर्व्हर नावाच्या टास्कमध्ये चालणाऱ्यासाठी. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला निवड करणं भाग पडतं. हे मला प्रामाणिकपणाचं वाटतं.

अग्रक्रमाचा घोळ

टायमर टास्क असेल तर त्याला अग्रक्रम किती द्यायचा? इथे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची ईएसपी३२ ही चिप उदाहरण म्हणून चांगली आहे, कारण हौशी मंडळींच्या हातात ती असते आणि तिच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टायमर शेजारी-शेजारी ठेवलेले आहेत.

एक फ्रीआरटीओएसचा. जसा येतो तसा वापरला तर त्याचा ठोका सेकंदाला १००, आणि त्याच्या टायमर टास्कचा अग्रक्रम १, म्हणजे जवळपास तळाशी. वाय-फाय किंवा दुसरं कुठलंही काम जोरात असेल तर याचे कॉलबॅक मागे राहणार. दुसरा ‘ईएसपी टायमर’. तो ठोक्यावर अवलंबून नाही, ६४ बिटांच्या वेगळ्या हार्डवेअर मोजकावर चालतो, मायक्रोसेकंदांत बोलतो, आणि त्याचे कॉलबॅक चालवणाऱ्या टास्कचा अग्रक्रम २२, म्हणजे २४ या कमालीच्या अगदी जवळ.

हे वाचल्यावर सगळे दुसऱ्याकडे धावतात, आणि तिथेच चुकतात. अग्रक्रम २२वर चालणारा आळशी कॉलबॅक खालच्या सगळ्यांना अडवतो. अग्रक्रम १वर चालणारा आळशी कॉलबॅक फारतर इतर टायमरांना. दिवा लुकलुकवायला, बॅटरी किती उरली ते बघायला पहिला टायमर उत्तम. नेमक्या क्षणी एखादी पिन हलवायची असेल तर दुसरा.

फ्रीआरटीओएसच्या टायमरात आणखी एक गोष्ट लपलेली आहे. टायमर सुरू करणं, थांबवणं, त्याची मुदत बदलणं, यातलं काहीही आपण थेट करत नाही. आपण टायमर टास्कच्या रांगेत चिठ्ठी टाकतो. चिठ्ठी कधी टाकली ती वेळ तिच्यावर असते, म्हणून ती उशिरा वाचली गेली तरी मुदत टाकल्या क्षणापासूनच मोजली जाते. हे चांगलं. पण ईएसपी३२वर ही रांग मुळात १० चिठ्ठ्यांची असते. टायमर टास्क मागे पडलेला असताना अकरावी चिठ्ठी आली आणि ती टाकणारा थांबायला तयार नसेल, तर ती स्वीकारली जात नाही. प्रोग्रॅमला तसं कळवलं जातं, पण कळवलेलं वाचतो कोण? टायमर सुरू झाला असं समजून प्रोग्रॅम पुढे जातो आणि तो टायमर कधी संपतच नाही.

घसरणारी वेळ

वॉशिंग मशीनकडे परत येऊ. दर १०० मिलिसेकंदांनी तिच्या ड्रमचा वेग मोजायचा आहे. सरळमार्गी माणूस लिहितो: मोज, मग १०० मिलिसेकंद थांब, मग पुन्हा मोज. मोजायला ३ मिलिसेकंद लागत असतील तर एक फेरी १०३ची होते. तासाभरात ३६,००० मापं व्हायला हवी होती, होतात ३४,९५१. आकडेमोड मात्र १००च गृहीत धरून चाललेली असते. हजारावर मापं गेली कुठे, हे मग शोधत बसा.

याला उपाय म्हणजे ‘इतका वेळ थांब’ याऐवजी ‘अमुक क्षणापर्यंत थांब’ असं सांगणं, आणि तो क्षण मागच्या ठरलेल्या क्षणात १०० मिळवून काढणं. फ्रीआरटीओएसमध्ये थांबण्याची ही दोन्ही फर्मानं आहेत. स्वतःहून पुन्हा सुरू होणारा टायमरही याच रीतीनं पुढची वेळ काढतो, त्यामुळे कॉलबॅक उशिरा चालला तरी वेळापत्रक सरकत नाही. एखादी फेरी मागेपुढे होईल, त्याला जिटर म्हणतात. साठत जाणारी चूक मात्र होणार नाही.

जिटर चालेल की नाही हे कामावर ठरतं. ठिपका ५०० ऐवजी ५०७ मिलिसेकंदांनी लुकलुकला तर जगात कुणालाही कळणार नाही. मोटरच्या गुंडाळ्यांना सेकंदाला हजारो वेळा मोजून वीज द्यायची असते, तिथे ७ मिलिसेकंद म्हणजे युगं. ते काम सॉफ्टवेअर टायमरकडे द्यायचंच नाही. त्यासाठी हार्डवेअर टायमर राखून ठेवायचा, तो प्रोसेसरला न विचारता पिन हलवतो.

मशीनमधली वाटणी

मोटर अशी बाजूला काढली की मग बटण. धातूचे दोन तुकडे भिडताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकदा दाबलं तरी दहा वेळा दाबल्यासारखं दिसतं. पहिल्या हालचालीला २० मिलिसेकंदांचा एकदाच चालणारा टायमर लावायचा, पुढची प्रत्येक थरथर त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, आणि तो निवांतपणे संपला की बटण खरंच दाबलेलं आहे का ते बघायचं. सॉफ्टवेअर टायमरचा याहून शोभणारा उपयोग माझ्या पाहण्यात नाही. पाण्याचा टायमरही एकदाच चालणारा, पातळी चढली की रद्द. ठिपक्यांना स्वतःहून पुन्हा सुरू होणारा टायमर.

कपडे पिळताना ड्रम एका बाजूला झुकतोय का ते बघणारं काम जरा लांबलचक असतं. सेन्सर वाच, हिशोब कर, वेग कमी कर. त्याला टायमरच्या कॉलबॅकमध्ये कोंबू नये. स्वतंत्र टास्क करावा आणि ‘अमुक क्षणापर्यंत थांब’ यावर चालवावा. टास्कला स्वतःची मेमरी लागते, म्हणून छोट्या कामांसाठी टायमर स्वस्त पडतो. हे काम छोटं नाही.

अर्ध्या तासाचं भिजवणं सोपं वाटतं, पण जुन्या ८ बिटांच्या चिपवर ठोक्यांचा आकडा बहुधा १६ बिटांचा ठेवलेला असतो. मिलिसेकंदाच्या ठोक्यानं तो ६५ सेकंदांतच भरतो. तिथे एका सेकंदाचा टायमर लावून कॉलबॅकमध्ये सेकंद मोजायचे.

दार उघडण्याची वेळ हा वादाचा मुद्दा. ‘मोटर बंद केल्यावर अमुक सेकंदांनी कडी सोड’ एवढ्यावर मी विसंबणार नाही. टायमर वेळ गेल्याचं सांगतो, ड्रम थांबल्याचं नाही. ड्रमचा वेग मोजणारा सेन्सर असताना त्याला विचारावं.

आणि वॉचडॉग. व्हीएक्सवर्क्सवाला नव्हे, चिपमधला हार्डवेअर वॉचडॉग. प्रोग्रॅम अडकला तर चिप पुन्हा चालू करणारा. त्याला ठरावीक वेळानं ‘मी ठीक आहे’ असं कळवावं लागतं, नाहीतर तो कारवाई करतो. हे कळवण्याचं काम टायमरच्या कॉलबॅकला देण्याचा मोह सोडा. बाकीचे सगळे टास्क अडकून पडले तरी कॉलबॅक इमानेइतबारे ‘ठीक आहे’ म्हणत राहील. प्रत्येक महत्त्वाच्या टास्कनं आपली हजेरी लावावी आणि सगळ्या लागल्या असतील तरच एका टास्कनं वॉचडॉगला कळवावं.

चौकट : टायमर निवडण्याआधी
• उशीर झाला तर काय बिघडेल? दिसण्यापुरतं असेल तर सॉफ्टवेअर टायमर. मायक्रोसेकंदांचा प्रश्न असेल तर हार्डवेअर.
• कॉलबॅक कुठे चालतो, इंटरप्टमध्ये की टायमर टास्कमध्ये? अग्रक्रम किती?
• काम कशाची तरी वाट बघणारं आहे का? असेल तर इशारा द्या, काम दुसऱ्या टास्ककडे.
• हा टायमर बहुतेक वेळा संपणार आहे की रद्द होणार आहे?
• उपकरण बॅटरीवर आहे का?

झोपू न देणारा ठोका

चौकटीतला शेवटचा प्रश्न वॉशिंग मशीनला लागू नाही, घराच्या दारावरच्या सेन्सरला आहे. नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास वीज असते. उपकरण सरासरी १ मिलिअँपिअर ओढत असेल तर सेल ९ दिवसांत संपतो. १० मायक्रोअँपिअर ओढत असेल तर कागदावर अडीच वर्षं पुरतो. हा फरक मुख्यतः झोपेचा आहे, आणि सेकंदाला हजार वेळा टोकणारा ठोका चिपला झोपूच देत नाही.

म्हणून ठोका थांबवण्याची सोय बऱ्याच आरटीओएसमध्ये असते. सगळे टास्क रिकामे असले की व्यवस्था पुढची नोंद कधीची आहे ते बघते, हार्डवेअर टायमरला थेट तिथला गजर लावते आणि झोपते. उठल्यावर गेलेले ठोके एकदम मिळवते. आधी सांगितलेला २४ बिटांचा मोजक इथे तोकडा पडतो, १६ मेगाहर्ट्झला तो जेमतेम एक सेकंद मोजू शकतो. त्यामुळे हे काम सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या स्फटिकावर चालणाऱ्या, कमी वीज खाणाऱ्या मोजकाकडे जातं. हा आकडा म्हणजे २चा १५वा घात, म्हणून १५ वेळा निम्मा केला की बरोबर एक सेकंद मिळतो.

अशा उपकरणात टायमरांच्या वेळा जुळवून घेण्यात खरी बचत आहे. तापमान दर दहा सेकंदांनी, बॅटरी दर दहा सेकंदांनी, पण दोघांचे क्षण वेगवेगळे, असं असेल तर चिप दुप्पट वेळा उठते. दोन्ही एकाच क्षणी आणा. सिस्टर एका फेरीत दोन खाटा बघू शकतात.

आकडा भरतो तेव्हा

ठोक्यांचा आकडा ३२ बिटांचा असेल तर ४,२९,४९,६७,२९६ ठोक्यांनी तो पुन्हा शून्यावर येतो. मिलिसेकंदाच्या ठोक्यानं याला ४९.७ दिवस लागतात. समजा आकडा भरायला ६ ठोके उरलेत आणि तुम्ही २० ठोक्यांचा टायमर लावलात. संपण्याची वेळ निघते १४. ‘आत्ताचा आकडा संपण्याच्या वेळेपेक्षा मोठा झाला का?’ असं विचारलंत तर उत्तर लगेच ‘हो’, कारण आत्ताचा आकडा चारशे कोटींच्या पुढे आहे. टायमर लावताक्षणी संपतो. बरोबर रीत म्हणजे आत्ताच्या आकड्यातून सुरुवातीचा आकडा वजा करणं. ३२ बिटांच्या वजाबाकीत भरून शून्यावर येणं आपोआप पचतं आणि किती ठोके गेले ते नीट कळतं. फ्रीआरटीओएस आपल्यापुरता वेगळा मार्ग काढते: दोन याद्या ठेवते, एक या फेरीत संपणाऱ्या टायमरांची आणि एक आकडा भरल्यानंतरच्यांची, आणि आकडा भरला की त्यांची अदलाबदल करते.

१४ सप्टेंबर २००४ रोजी लॉस एंजेलिस परिसरातल्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा विमानांशी असलेला रेडिओ संपर्क तुटला. संपर्क यंत्रणेतल्या एका संगणकात हाच ४९.७ दिवसांचा आकडा होता. यंत्रणा दर ३० दिवसांनी बंद करून पुन्हा चालू करायची असा नियम त्यावर तोड म्हणून केलेला होता, आणि त्या वेळी ते राहून गेलं. २०१५मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानं बोइंग ७८७बद्दल आदेश काढला. विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटर नियंत्रकांतला एक सॉफ्टवेअर मोजक ओसंडून सगळे नियंत्रक एकदम सुरक्षित अवस्थेत जाऊ शकतात आणि विमानातली एसी वीज जाऊ शकते, असं त्यात होतं. सेकंदाच्या शंभराव्या भागाचा ठोका धरून २चा ३१वा घात मोजून बघा, २४८.५ दिवस येतात.

प्रयोगशाळेत २४८ दिवस कुणी थांबत नाही. लिनक्सनं यावर एक खोडसाळ पण नामी उपाय केला आहे. संगणक सुरू होताना ठोक्यांचा आकडा शून्यापासून सुरूच करत नाही. ३२ बिट भरायला पाच मिनिटं उरलेली असतील तिथून सुरू करतं, म्हणजे चुकीची तुलना करणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या टेबलावरच, चहा संपायच्या आत कोलमडतो. फ्रीआरटीओएसमध्येही सुरुवातीचा आकडा ठरवण्याची अशी एक सेटिंग आहे. चाचणीच्या प्रतीत ती भरत आलेल्या आकड्यावर ठेवायला एक ओळ पुरते.